नडगी लपवून अ‍ॅनापोलिसला जाता येत नाही

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझी मुलगी मुक्ता (नाव बदललं आहे) सोळा वर्षांची आहे, अकरावीत. हिवाळ्यात तिने आम्हाला न विचारता अ‍ॅनापोलिसच्या नेव्हल अकॅडमीच्या (अमेरिकी नौदलाचे अधिकारी घडवणारं कॉलेज) ‘समर सेमिनार’चा, म्हणजे आठवडाभराच्या ओळख-शिबिराचा, अर्ज भरला. निवड झाली आणि फी भरायची वेळ आली तेव्हा आम्हाला कळलं. जूनमध्ये जायचं आहे. तेव्हापासून ती पहाटे साडेचारला उठून धावते, तेही बाबांच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून. पोळी-भात सोडलाय, उकडलेलं चिकन आणि अंड्याचं पांढरं खाते. परवा रात्री बाथरूममध्ये नडगीला बर्फ लावताना दिसली. ‘कोचला सांगू नकोस,’ म्हणाली. तिचे बाबा या विषयावर अक्षर बोलत नाहीत. साताऱ्याहून सासरे येणार आहेत आणि त्यांनी ‘नात नेव्हीत लागली’ असं सगळ्या पेठेला सांगून टाकलंय. तिची तयारी कशी करून घेऊ? तिकडे गेली म्हणजे सही केल्यासारखंच होतं का? आणि खरं सांगू, तिला ते आवडू नये असं मला आतून वाटतं. हे फार वाईट आहे का?
— साताऱ्याची सून

प्रिय साताऱ्याची सून,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती बर्फाची ओळ. ती तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत. म्हणून आधी नडगी. बाकीचं नंतर.

धावणाऱ्या मुलींची नडगी दोन तऱ्हांनी दुखते. एका तऱ्हेत हाडाच्या आतल्या कडेने चांगला वीतभर भाग दुखतो, अंग तापलं की कमी होतो आणि थांबल्यावर पुन्हा ठणकतो. याला इथे शिन स्प्लिंट्स म्हणतात. अचानक वाढवलेल्या धावण्याचं हे फळ आहे. धावणं कमी केलं की बहुतेक वेळा ते निवळतं. दुसऱ्या तऱ्हेत दुखणारी जागा बोटाच्या पेराएवढीच असते. तिथे दाबलं की कळ येते, त्या पायावर लंगडी घातली की कळ येते, पुढे पुढे रात्री अंथरुणातही दुखतं. हे हाडाला बारीक तडा जात असल्याचं लक्षण असू शकतं. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये हा तडा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून निश्चिंत होऊ नका. डॉक्टरांना सगळा इतिहास सांगा. पहाटेचं धावणं, सॅक, तांदूळ, सगळं. तडा असेल तर काही आठवडे पूर्ण विश्रांती लागते आणि कदाचित जूनचा आठवडा हुकेल. हे आज कळलेलं बरं. तिथे तिसऱ्या दिवशी लंगडत बाजूला बसायची वेळ आली तर ते तिला जास्त लागेल.

त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. एक म्हणजे रक्ताची तपासणी: लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि ‘ड’ जीवनसत्त्व. आपल्या मुलींमध्ये ही दोन्ही कमी निघणं इतकं सर्रास आहे की तपासल्याशिवाय सहा आठवडे पळवू नये. दुसरी गोष्ट म्हणजे पाळी. गेल्या दोन-तीन महिन्यांत ती चुकली आहे का, हे तुम्हीच विचारा. सोळाव्या वर्षी व्यायाम दुप्पट आणि जेवण अर्धं केलं की शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडांतून वसूल करतं. चिकन खाऊ दे, अंडंही खाऊ दे, पण पिवळ्यासकट. आणि पोळी-भात परत ताटात आला पाहिजे. धावणाऱ्याचं इंधन पिष्टमयच असतं. ते बंद करून कुणी वेगवान झालेलं नाही.

तांदळाच्या पिशव्या स्वयंपाकघरात परत गेल्या पाहिजेत, हे वेगळं सांगायला नको. ही कल्पना बहुधा कुठल्या तरी व्हिडिओतून आली असणार. पाठीवर ओझं घेऊन मैलोन्‌मैल चालणं हा पायदळाचा आणि मरीन्सचा प्रशिक्षित मोठ्या माणसांचा व्यायाम आहे, त्यांनाही तो टप्प्याटप्प्याने शिकवतात. अकरावी संपवून आठवडाभर आलेल्या मुलामुलींकडून अशी अपेक्षा नसते.

मग तिथे असतं काय? जूनमध्ये अकरावी संपवून बारावीत जाणाऱ्या मुलांना तुकड्यातुकड्यांनी बोलावतात. प्रत्येक तुकडीचा मुक्काम आठवड्याहून थोडा कमीच असतो. राहायचं बँक्रॉफ्ट हॉलमध्ये, जिथे अकॅडमीचे चार हजारांहून जास्त विद्यार्थी वर्षभर एकाच छपराखाली राहतात. जेवायचं किंग हॉलमध्ये, ओळीने बसून, घड्याळ पाहून. सकाळी लवकर कवायत-व्यायाम, दिवसभर वेगवेगळ्या विषयांचे छोटे वर्ग: जहाजबांधणी, हवामान, इंजिनिअरिंग, इतिहास. सगळं चालवतात ते अकॅडमीचेच विद्यार्थी, म्हणजे मिडशिपमन. शेवटी ‘सी ट्रायल्स’ नावाचा एक लांबलचक, घाम काढणारा प्रकार असतो: चिखल, पाणी, ओझी उचलणं, सगळं चमूने. पहिल्या वर्षाचे खरे विद्यार्थी वर्षाअखेरीस जे करतात, त्याची ही छोटी आवृत्ती.

बऱ्याचदा त्याच आठवड्यात शारीरिक क्षमतेची चाचणीही होते. ही चाचणी अकॅडमीच्या प्रवेश अर्जातही धरतात, म्हणून ती गंभीरपणे घ्यावी. तिच्यात वर्षानुवर्षं काय असत आलंय, तर गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकणं (पहिल्यांदा ऐकलं की हसू येतं, पण खांद्याची आणि पोटाची खरी ताकद कळते), दांड्याला लटकून पुल-अप्स, तीस फुटांवरच्या दोन रेघांमध्ये वळून वळून पळणं, पोटाचे व्यायाम, पुश-अप्स आणि शेवटी एक मैल. प्रकार आणि नियम अधूनमधून बदलतात, म्हणून यंदाचा तक्ता अकॅडमीच्या संकेतस्थळावरूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नको.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला असं धरून चालते. मग आठवड्यातून तीन दिवसच धावणं, शक्यतो गवतावर किंवा ट्रॅकवर. त्यातला एक दिवस मैलाचा: चारशे मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये दम खाऊन. उरलेल्या दिवशी पोहणं किंवा सायकल. पोहणं तर चांगलंच. पुढे ती खरंच तिथे शिकायला गेली तर पोहण्यातून सुटका नाही. अभ्यासक्रमातच आहे, दहा मीटर उंचीवरून पाण्यात उडी मारण्यासकट. पुल-अपला बहुतेक मुली पहिल्या दिवशी शून्यावर अडकतात. त्याला एक साधा उपाय आहे. स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर न्यायची, स्टूल सोडायचं आणि जमेल तितकं सावकाश खाली यायचं. दिवसाआड पाच-सहा वेळा. महिनाभरात एक तरी पुल-अप वर जाताना जमतो, आणि तो पहिला जमला की मग मुलीला आवरावं लागतं. पुश-अप रोज थोडे. पण शाळा, होमवर्क, पहाटे साडेचार आणि रात्री साडेअकरा हे गणित बसत नाही. आठ तास झोप मिळत नसेल तर उठायची वेळ बदला.

उन्हाचं एक. अ‍ॅनापोलिस चेसापीकच्या खाडीला लागून आहे, जूनमध्ये तिथला दमटपणा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून शेवटचे दोन आठवडे धावणं पहाटेऐवजी दुपारी उशिरा, थोडं कमी अंतर, पाण्याची बाटली बरोबर. साध्या पाण्याबरोबर मीठही लागतं. ताक, लिंबू सरबत, जे ती पिईल ते.

सामानाची यादी तिकडून येते. त्या यादीबाहेरचं काही देऊ नका, बाकरवडीसुद्धा नको. पण तीन गोष्टींकडे तुमचं लक्ष असू द्या. बूट नवे नकोत, निदान दोन-तीन आठवडे वापरलेले हवेत. सुती मोज्यांनी फोड येतात, म्हणून घाम शोषणारे पातळ स्पोर्ट्स मोजे, भरपूर. आणि केस. मुक्ताचे केस लांब असतील तर घट्ट अंबाडा आरशाशिवाय दोन मिनिटांत घालता आला पाहिजे. हे तुमच्याइतकं चांगलं तिला कुणी शिकवणार नाही, आणि या सगळ्या प्रकारात तुम्हाला हक्काने करता येईल अशी ही एक गोष्ट आहे. फोन दिवसभर तिच्या हातात असेल असं समजू नका. चार दिवस मेसेज आला नाही तर ते बहुधा शुभलक्षण आहे.

आता एक अवघड भाग. जाण्याआधी वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो, आणि इथे आपल्या घरांत एक सवय असते ती ओळखीची आहे मला. दमा असतो, पण म्हणायचं ‘ऋतू बदलला की थोडी अ‍ॅलर्जी’. पुण्याहून आणलेला पंप कपाटात असतो, इथल्या डॉक्टरांच्या कागदावर नसतो. नडगीचंही तेच होईल: ‘काही नाही, थोडं दुखतं.’ तसं करू नका. आठवड्याच्या मुक्कामात उन्हात पळताना जे लपवलं तेच अंगावर येतं, हे एक. दुसरं, पुढे प्रवेशाचा खरा अर्ज केला तर संरक्षण खात्याची वेगळी, कसून वैद्यकीय तपासणी होते. तेराव्या वाढदिवसानंतरचा दमा, एकाग्रतेसाठी घेतलेल्या गोळ्या, जुनी हाडमोड, सगळं विचारतात. यातल्या बऱ्याच गोष्टींना रीतसर सूट मागता येते. खोटं सांगितलेलं सापडलं तर मात्र सूट मागायला तोंड उरत नाही. मिडशिपमन खोटं बोलत नाही, फसवत नाही, चोरत नाही, हा तिथला मूळ नियम आहे आणि त्यावरून विद्यार्थ्यांना घरी पाठवतात. ‘कोचला सांगू नकोस’ हे वाक्य घेऊन त्या दारातून आत जाणं म्हणजे पहिल्याच पायरीला अडखळणं. हे तिला याच शब्दांत सांगा. रागवू नका. ज्या मुलीला तिथे जायचंय तिला हा मुद्दा लगेच कळेल. आणि कोचला तिनेच सांगायचं, तुम्ही नाही.

सहीबद्दल. नाही, या आठवड्याने ती कशालाही बांधली जात नाही. ही भरती नाही, प्रवेशही नाही. सेमिनारचा अर्ज हाच अकॅडमीचा प्राथमिक अर्ज म्हणून धरतात, त्यामुळे पुढचं वर्षभर तिच्या इनबॉक्समध्ये नौदल येत राहील. तेवढाच परिणाम. सेमिनारला गेली म्हणून प्रवेश मिळेलच असं नाही, आणि न गेलेल्यांचीही दरवर्षी निवड होते.

खरा अर्ज करायचा ठरवलाच, तर त्याचा रस्ता आपल्याकडच्या लोकांना चक्रावून टाकणारा आहे. खडकवासल्याला एनडीएसाठी यूपीएससीची लेखी परीक्षा, मग एसएसबीचे (अधिकारी-निवडीच्या मुलाखती आणि चाचण्या) पाच दिवस, मग मेडिकल. इथे तशी एकच देशव्यापी परीक्षा नाही. इथे शाळेतले मार्क, एसएटी (कॉलेज-प्रवेशाची परीक्षा), खेळ, मुलाखत, तपासणी आणि त्याशिवाय एका लोकप्रतिनिधीची शिफारस लागते. तिला नॉमिनेशन म्हणतात. आपल्या मतदारसंघाचा काँग्रेसमधला (म्हणजे अमेरिकी संसदेतला) प्रतिनिधी आणि राज्याचे दोन सिनेटर यांच्याकडे स्वतंत्र अर्ज करायचे, शिवाय उपराष्ट्राध्यक्षांकडेही करता येतो. हे वशिल्याचं काम नाही. प्रत्येक कार्यालयाची समिती असते, निबंध आणि मुलाखत असते. एका प्रतिनिधीच्या खात्यावर एका वेळी एका अकॅडमीत पाचच विद्यार्थी असू शकतात. आपल्या दाट वस्तीच्या उपनगरांत त्या पाच जागांसाठी रांग लांब असते. आणि उमेदवार अमेरिकन नागरिकच असावा लागतो. मुक्ता इथे जन्मली असेल तर प्रश्न नाही. ग्रीन कार्डवरच्या मुलांना तिथे प्रवेश मिळत नाही, हे मी इतर वाचकांसाठीही लिहून ठेवते, कारण दरवर्षी कुणीतरी उशिरा विचारतं.

बांधिलकीची खरी रेघ कुठे आहे, तेही तिच्या बाबांना दाखवा. अकॅडमीत गेल्यावर पहिली दोन वर्षं विद्यार्थी कुठलंही देणं न लागता सोडून जाऊ शकतो. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तो सही करतो, आणि पदवीनंतर किमान पाच वर्षं नौदलात किंवा मरीन कोअरमध्ये अधिकारी म्हणून नोकरी करण्याचं वचन देतो. शिक्षण, राहणं, जेवण फुकट, वर महिन्याला थोडा पगार. म्हणजे आज सोळा वर्षांची असलेली मुलगी सही करेल तेव्हा साधारण वीस वर्षांची असेल. मधे चार वर्षं आहेत. तिच्या वडिलांचा अबोला त्या सहीसाठी राखून ठेवायचा असेल तर तो फारच लवकर सुरू झालाय.

त्यांना हे वाचून दाखवा, किंवा पानच पुढे सरकवा. साहेब, तुमचा विरोध असेल तर बोलून दाखवा. सोळा वर्षांची मुलगी बापाच्या गप्प बसण्याचा अर्थ स्वतःच लावते, आणि तो नेहमी चुकीचा लावते. ‘मला तुझ्यावर विश्वास नाही’ असा. तुमच्या मनात जे आहे ते बहुतेक वेगळंच असेल. पाच वर्षं म्हणजे तिची बावीस ते सत्तावीस, त्यात कुठे तरी युद्ध लागलं तर? हा प्रश्न तिच्यासमोर ठेवण्यासारखा आहे. तिला त्याचं उत्तर द्यावं लागेलच, समितीपुढेही द्यावं लागेल. आणखी एक भीती बहुतेक आई-वडील बोलत नाहीत: तिथे मुलींना मिळणारी वागणूक. १९७६ पासून मुलींना प्रवेश आहे, १९८० मध्ये पहिल्या मुली पदवीधर झाल्या, पण लैंगिक छळाचा प्रश्न तिथून गेलेला नाही. संरक्षण खातं भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्ही अकॅडमींबद्दल यावर दर वर्षी काँग्रेसला अहवाल देतं आणि तो सगळ्यांना वाचायला खुला आहे. तो वाचा, तिलाही द्या. विरोध करायचा तर असा, कागद हातात घेऊन. आणि मधला रस्ताही असतो हे दोघांनाही माहीत असू द्या. अनेक साध्या विद्यापीठांत नौदलाचा आरओटीसी कार्यक्रम असतो, शिष्यवृत्तीसकट. चार वर्षं इतरांसारखं कॉलेज, बरोबर लष्करी शिक्षण, शेवटी तेच कमिशन, म्हणजे अधिकारीपद.

आता सासरेबुवा. ‘नात नेव्हीत लागली’ ही बातमी साताऱ्यात पोचली असेल तर ती परत बोलावणं कठीण आहे. त्या मातीत हे कौतुक उगाच उगवत नाही. जवळच अपशिंगे आहे, ज्या गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे आणि ज्याचे सेहेचाळीस जण पहिल्या महायुद्धात कामी आले. घराघरांत कुणी ना कुणी फौजेत, ही तिथली रीत. पण आजोबांचा अभिमान मुक्ताच्या पाठीवर तांदळाच्या सॅकपेक्षा जड बसेल. परत येऊन ‘मला नाही आवडलं’ म्हणायची तिला मोकळीक हवी, आणि सगळ्या पेठेने पेढे खाल्ल्यावर ती उरत नाही. म्हणून विमानतळावरून घरी आणताना गाडीतच सांगा: आबा, ही ओळख-सहल आहे, नोकरी नाही. कौतुक करा, पण तिच्यासमोर ‘अ‍ॅडमिरल’ म्हणू नका. ते खडकवासल्याचा विषय काढतीलच. ‘मग आपल्या एनडीएत का नाही? आता मुलींनाही घेतात.’ खरं आहे, २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी तिथे दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडली. पण अमेरिकन नागरिक मुलीला तो दरवाजा नाही.

याच ओघात एक कागदी बाब, जी कुणी सांगत नाही. मुक्ताकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असेल किंवा काढायचं असेल, तर भारत सरकारचा नियम पाहून ठेवा: परदेशी सैन्यदलात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय मिळत नाही. आठवड्याच्या सेमिनारचा याच्याशी संबंध नाही. पण पुढे ती खरंच नौदलात गेली तर साताऱ्याला येण्यासाठी व्हिसा लागेल की काय, आधी घेतलेल्या कार्डाचं काय करायचं, हे तेव्हा वकिलाला विचारून घ्यावं लागेल. आजोबांना हे आजच सांगायची गरज नाही.

नातेवाईक एक नाव हमखास घेतील, सुनीता विल्यम्स. त्या अ‍ॅनापोलिसच्याच, १९८७ च्या पदवीधर. पण त्या नासात निवडल्या गेल्या १९९८ मध्ये. मधली अकरा वर्षं नौदलाची नोकरी होती: हेलिकॉप्टर, जहाजं, रात्रीच्या ड्युट्या, बदल्या. मुक्ताने विचार करायचा तो त्या अकरा वर्षांचा. ती आवडतील का? अंतराळ हा लाखात एकाचा जोडभाग आहे.

आणि तुमची ती शेवटची ओळ. तिला ते आवडू नये असं वाटणं वाईट नाही. पोटची पोर वर्दीत जाऊ नये असं वाटणाऱ्या आया साताऱ्यातही आहेत, त्या फक्त बोलत नाहीत. पण या घरात आत्ता काय चाललंय ते पाहा. मुलगी नडगी लपवते. बाबा मत लपवतात. तुम्ही इच्छा लपवता. उघडपणे बोलणारे एकटे आजोबा, आणि तेही चुकीची बातमी. तयारी म्हणून मी एकच गोष्ट सांगायची ठरवली असती तर पुश-अप नसते सांगितले. जायच्या आधी एका रविवारी जेवणं झाल्यावर तिघांनी बसून आपापलं खरं सांगा, एवढंच सांगितलं असतं. तुम्ही ‘मला भीती वाटते, आणि तरी मी तुला सोडायला येणार आहे’ असं म्हणालात तर त्यात काहीही विसंगत नाही. मुलींना ते बरोबर समजतं. ‘तुला हवं ते कर’ हे मात्र त्यांना कळत नाही, कारण ते खरं नसतं.

तिथल्या वागण्याबद्दल तिला एक गोष्ट सांगून ठेवा, कारण आपल्या हुशार मुलांचं गाडं इथेच अडतं. अकॅडमीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रश्नाची पाचच उत्तरं देता येतात: हो सर, नाही सर, आज्ञा मान्य, माहिती काढून सांगतो आणि ‘नो एक्स्क्यूज, सर’. सेमिनारमध्येही या शिस्तीची चव मिळते, काही प्रसंगी आवाजही चढतो. घरी आपण मुलांना कारणं द्यायला शिकवलेलं असतं: उशीर का झाला, मार्क का गेले, सगळ्याचं सविस्तर स्पष्टीकरण. तिथे स्पष्टीकरण नको असतं. ज्या मुलीने आजवर कधी फारसं अपयश पाहिलेलं नाही, तिला सगळ्यांसमोर ‘चुकलं’ म्हणून उभं राहणं पहिल्या दिवशी फार झोंबेल. ओरडणारा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगाच आहे आणि ओरडणं हे त्याचं त्या आठवड्याचं काम आहे, हे आधी माहीत असलं की निम्मा भार हलका होतो. उरलेला निम्मा तिच्या तुकडीतली मुलं उचलतील. सी ट्रायल्समध्ये सगळ्यात पुढे पळणाऱ्यापेक्षा मागे राहिलेल्याला सोबत घेऊन येणाऱ्याकडे तिथल्या लोकांचं लक्ष जास्त असतं.

आणि तिने तिथून काही विचारून यावं. जेवताना, रांगेत, जिथे संधी मिळेल तिथे मिडशिपमनना. इथे येऊन कशाचा पश्चात्ताप झाला? झोप किती मिळते? तुमच्या बॅचमधलं कोण सोडून गेलं आणि का? मुलगी म्हणून काय अवघड जातं, आणि तक्रार केली तर काय होतं? भरतीच्या माहितीपत्रकात ही उत्तरं नसतात. वीस वर्षांची मुलं मात्र ती सरळ देतात.

परत आल्यावर दोन दिवस झोपू दे. ‘मग, ठरलं का?’ हा प्रश्न घरात कुणीच विचारायचा नाही, आबांनीही नाही. तिला काय कंटाळवाणं वाटलं ते विचारा. काय थरारक वाटलं ते ती न विचारता सांगेलच, पण त्या आयुष्यातला कंटाळाही तिला चालणार असेल तर विचार पुढे नेण्यासारखा आहे. हो म्हणाली, तर जुलैमध्येच तुमच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या आणि दोन्ही सिनेटरांच्या कार्यालयांच्या तारखा शोधून फ्रिजवर लावा. बहुतेकांची मुदत शरद ऋतूत संपते आणि शिफारसपत्रं देणारे शिक्षक सुट्टीत सापडत नाहीत. नाही म्हणाली, तर एक ऑगस्टला इतर कॉलेजांचा सामाईक अर्ज, कॉमन अ‍ॅप, उघडतो आणि निबंधाला तिच्याकडे एक चांगला विषय आहे.

डॉक्टरांची वेळ मात्र हे पत्र संपवून लगेच घ्या.